पेट स्कॅनचं इंजेक्शन थोडं शिरेबाहेर गेलं तर ते कळतं का, आणि रिपोर्ट चुकतो का?

तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर: कळतं, पण मुद्दाम बघितलं तरच. आणि हो, रिपोर्ट चुकू शकतो. मी न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये तंत्रज्ञ आहे, सुया टोचणं रोजचंच.

हात सुजला नाही, दुखला नाही, म्हणजे औषध नीट गेलं असं पेशंट धरून चालतात. पण गाठी चित्रात दिसाव्यात म्हणून टोचलेलं हे किरणोत्सर्गी औषध असतं जेमतेम काही मिलिलिटर. तेवढं मांसात मुरलं तरी बाहेरून बहुधा काही दिसत नाही. त्यात पेटला हात डोक्यावर घ्यायला लावतात, त्यामुळे सुईची जागा अनेकदा चित्रात येतच नाही. चोर अंगणात आणि झडती घरात!

खरा घोळ एसयूव्हीचा. गाठीने किती औषध ओढलं, ते टोचलेल्या डोसाच्या आणि वजनाच्या हिशेबात मांडलेला हा आकडा. डोसाचे दहातले दोन भाग कोपरापाशीच अडकले, तरी यंत्र दहाच धरतं. आकडा खोटा कमी येतो, आणि मागच्या स्कॅनशी ताडला की उपचार लागू पडल्यासारखा भासतो.

एकदा हाडांच्या स्कॅनमध्ये डाव्या काखेत ठळक ठिपका आला. पेशंट कर्करोगाचा, त्यामुळे शंका तीच. टिपणात पाहिलं, तर इंजेक्शन डाव्याच हातात. कोपराचं वेगळं चित्र घेतलं. शाई सांडावी तसा काळा गोळा. तिथलं औषध लसिकावाहिन्यांतून काखेतल्या लसिकाग्रंथीपर्यंत चढलं होतं. कधीकधी मात्र बाहीवर पडलेला एखादा थेंबच असतो. कपडा बदलून, त्वचा पुसून पुन्हा चित्र घेतलं की तो डाग जातो.

काही ठिकाणी टोचताना दोन्ही दंडांवर किरणोत्सर्ग मोजणारे छोटे संवेदक लावतात. औषध नीट गेलं तर सुईच्या हाताची मोजणी एकदम उसळते आणि लवकरच दुसऱ्या हाताच्या पातळीला येते. गळती असेल तर ती वरच रेंगाळते. सरळ सुईपेक्षा कॅन्युला, म्हणजे शिरेत राहणारी बारीक नळी, लावून, आधी सलाईन सोडून शीर तपासावी हे मला जास्त पटतं.

तपासणीच्या डोसाने त्वचेला इजा होणं क्वचितच. ल्युटेशियमसारख्या उपचाराच्या किरणोत्सर्गी औषधाची गळती मात्र गंभीरपणे घ्यावी लागते. टोचताना चुरचुरलं तर तिथल्या तिथे सांगा. स्कॅन होऊन गेला असेल, तर सुई कुठल्या हाताला होती आणि त्या जागेचं चित्र घेतलं होतं का, एवढं डॉक्टरांना विचारा.