वाचकांचे प्रश्न : ब्रसेल्सची आंबट बिअर कशी चाखावी?

प्रश्न : ब्रसेल्सहून आणलेली आउडे ग्योझ या आंबट बिअरची बाटली उघडली. वास तबेल्यासारखा आला आणि पहिल्याच घोटाला दात आंबले. बिअर खराब झाली असेल का? (वाचक, आइंडहोवन)

बहुधा नाही. तबेल्याचा, ओल्या चामड्याचा वास ही ब्रेटानोमायसीस या यीस्टची करामत. ग्योझ ज्या लँबिक बिअरपासून बनते, तिच्यात ते हवंच असतं. लँबिकला बाहेरून यीस्ट घालत नाहीत. जवाचा माल्ट आणि साधारण एक तृतीयांश कच्चा गहू यांचा उकळलेला रस उथळ, उघड्या हौदात रात्रभर निवत ठेवतात आणि हवेतले जंतू त्यात उतरतात. म्हणूनच हे काम ऑक्टोबर ते एप्रिल या थंडीच्या दिवसांतच चालतं. पुढे रस लाकडी पिंपांत जातो आणि वर्ष ते तीन वर्षं मुरतो. वेगवेगळ्या वयाच्या लँबिकांचं मिश्रण म्हणजे ग्योझ. त्यातल्या तरुण लँबिकमध्ये उरलेल्या साखरेमुळे बाटलीत पुन्हा आंबवण होते आणि फेस तयार होतो.

चाखायची ती अशी. बाटली 10 ते 13 अंशांवर आणा. फ्रीजमधून काढल्या काढल्या ओतलीत तर वास दबतो आणि नुसतं आंबट लागतं. आदल्या दिवसापासून बाटली उभी ठेवा, म्हणजे गाळ तळाशी बसेल. ग्लासात 100 मिलीच घ्या. आधी न हलवता वास घ्या, मग हलवून. पहिल्या घोटावर मत बनवू नका, जीभ आम्लाला सरावायला दोन-तीन घोट जातात. ब्रसेल्सला सोबतीला पाव, ताजं पांढरं चीज आणि मुळा देतात. ही जोडी आम्लाची धार बोथट करते.

आता खराबी ओळखायची कशी? नुसता आंबटपणा हे खराबीचं लक्षण नाही, आंबटपणा कोणता आहे ते बघायचं. लॅक्टिक आम्ल जिभेच्या कडांना ताकासारखं लागतं आणि नाकाला झोंबत नाही. ॲसेटिक म्हणजे व्हिनेगरचं आम्ल नाकात चढतं, घशात जळजळतं. ते थोडं असलं तर चालतं. जास्त झालं तर पिंपात हवा शिरली होती असं समजा, कारण हे आम्ल बनवणाऱ्या ॲसेटोबॅक्टर या जिवाणूला ऑक्सिजन लागतो. नेलपॉलिशसारखा उग्र वास हाही त्याच घरातला.

सगळ्यात फसवा दोष वासात कळतच नाही. घोट गिळा, दहा-वीस सेकंद थांबा आणि नाकाने श्वास सोडा. मागाहून सादळलेल्या कुरमुऱ्यांसारखी, उंदराच्या पिंजऱ्यासारखी चव आली तर तो दोष आहे. ही चव देणारं द्रव्य बिअरच्या आम्लात उडत नाही, म्हणून वास येत नाही. लाळेने आम्ल सौम्य केलं की मग ते जाणवतं. सर्वांनाच ते सारखं कळत नाही, तेव्हा दोघांनी चाखा. बाटलीतल्या नव्या बिअरमध्ये हा दोष असेल तर काही महिने ठेवल्यावर पुष्कळदा निघून जातो.

प्रश्न : लँबिक मुरवायची पिंपं वाइनची, मग बिअरला वाइनची चव का येत नाही? (वाचक, नाशिक)

कारण पिंपं मुद्दाम जुनी घेतात. वाइनवाल्यांनी वापरून लाकडाचा कस काढलेला असतो, वर गरम पाणी आणि वाफेने ती धुतलेली असतात. लँबिकवाल्याला हवं असतं ते लाकडाचं सच्छिद्रपण. त्यातून अगदी थोडी हवा आत जाते आणि यीस्ट लाकडात घर करून राहतं. वाइनचाच गंध हवा असेल तर ब्रसेल्सच्या कांतियों या बिअरवाल्यांची सें-लॅम्व्हिनस शोधा. तिच्यात मेर्लो द्राक्षं लँबिकबरोबर मुरवतात.

प्रश्न : लेबलावर नुसतं ‘ग्योझ’ लिहिलेली बाटली घ्यावी का?

पहिल्यांदा चाखणार असाल तर ‘आउडे’ (म्हणजे जुनी) शब्द पाहूनच घ्या. हे नाव 1997 पासून युरोपीय संघात संरक्षित आहे. मिश्रणातला सर्वांत जुना लँबिक किमान तीन वर्षांचा आणि सरासरी वय किमान एक वर्ष, अशी अट आहे. नुसत्या ‘ग्योझ’मध्ये बऱ्याचदा साखर घातलेली असते. गोड लागते, फसायला होतं.

प्रश्न : पुण्याला येताना बाटल्या आणता येतील का, आणि ठेवायच्या कशा?

सीमाशुल्काशिवाय माणशी 2 लिटर मद्य आणता येतं, म्हणजे 750 मिलीच्या दोन बाटल्या. चेक-इन बॅगेत ठेवा. बाटलीत दाब असतो, म्हणून प्रत्येक बाटली कपड्यांत वेगळी गुंडाळा. घरी आल्यावर निदान आठवडाभर हलवू नका, नाहीतर गाळ ढवळलेला असतो आणि उघडताच फेसाचं कारंजं उडतं. उन्हाळ्यात कपाटात ठेवू नका. 35 अंशांवर बिअर लवकर ऑक्सिडाइज होते आणि आतला दाबही वाढतो. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, प्रकाशापासून दूर ठेवा. उघडलेली बाटली दुसऱ्या दिवसापर्यंत घट्ट बुचाने टिकते, पण फेस उतरतो. उरलेली बिअर, मोहरी घालून, तिसऱ्यांच्या (शिंपल्यांच्या) रश्श्यात वापरून पाहा.