मन फार पळतं. एकट्यानं ध्यान करावं की गटात बसावं?

डोळे मिटले की मन पळत सुटतं, मग चार लोकांत बसून काय वेगळं होणार, असं तुम्ही विचारलंय. होतं. मी बेळगावात वडगावला राहते. दर रविवारी टिळकवाडीत एका मैत्रिणीच्या गच्चीवर आम्ही बसतो. अर्धा तास गप्प. मग ज्याला वाटेल त्यानं आत्ता मनात काय चाललंय तेवढंच बोलायचं. सल्ला नाही, सांत्वन नाही, पोथीतलं वाक्य तर अजिबात नाही.

वडील गेल्यावर शहापूरच्या घराचं हक्कसोडपत्र दादानं भाच्याकडून पाठवलं. "आत्या, इथं सही कर, पप्पांनी सांगितलंय." त्या रविवारी डोळे मिटून मी दादाशी भांडतच होते. बोलायची पाळी आली तशी घराची सगळी कहाणी सुरू केली. गटातल्या एका कन्नड बाईंनी मधेच हळू विचारलं, "सिट्ट एल्लैति ईग?" राग आत्ता कुठं आहे? बघितलं, तर दातांवर दात आवळलेले, डाव्या हाताची मूठ वळलेली, आणि समोर नसलेल्या दादाला द्यायचं पुढचं उत्तर आत जुळवणं चाललेलं. त्याकडं नुसतं बघत राहिले तसं ते उत्तर अर्ध्यातच तुटलं. रागाच्या खाली घर नव्हतंच. दादा स्वतः आला नाही, हे सलत होतं. घरी एकटी बसले असते तर माझंच बरोबर म्हणत जप संपेपर्यंत तो राग पोसला असता. मधे विचारणारं कोण होतं तिथं?

दुसऱ्या दिवशी फोन केला, तू ये, मग सहीचं बघू. आला. सही अजून केलेली नाही, पण बोलणं आहे.

दादा इंचगेरी परंपरेतला, म्हणजे भाऊसाहेब महाराजांनी सुरू केलेल्या नामध्यानाच्या संप्रदायातला. पहाटेचा नेम चुकत नाही, निंबाळला गुरुदेव रानड्यांच्या आश्रमात जाऊन येतो. त्याच्या मते साधना कोपऱ्यात करायची, चारचौघांत मन उघडं करणं म्हणजे बायकांच्या गप्पा. पण त्याच परंपरेत दासबोधाचं वाचन आणि भजन मिळूनच होतं ना? भाऊसाहेब महाराजांचा ध्यानाचा पिपीलिका मार्ग, मुंगीसारखा हळूहळू चढायचा. त्यांचेच शिष्य सिद्धरामेश्वर महाराज विचाराच्या विहंगम मार्गाकडं वळले, पक्ष्यासारखी थेट झेप घ्यायच्या. त्यांचे शिष्य निसर्गदत्त महाराज १९८१ साली गेले, तोवर मुंबईत खेतवाडीच्या माळ्यावर माणसं समोर बसवून 'मी कोण' हाच विचार चालायचा. तिथं उत्तर द्यायला गुरू होते, आमच्यात कुणी नाही, हा फरक मला मान्य आहे. पण तेवढ्यानं आमचं बसणं नुसत्या गप्पा ठरत नाही.

एक मात्र आहे. झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर आधी मनोविकारतज्ज्ञाकडं जा, गट नंतर. एकच माणूस बोलतोय आणि बाकीचे माना डोलावतायत असं दिसलं तर उठून या. सहा-सात जण पुरेत. नात्यातलं कुणी नको, जुनी उणीदुणी निघतात. दादाला म्हणूनच आमच्या गटात बोलावलं नाही. त्यानं दुसऱ्या एखाद्या गटात एकदा बसावं, एवढंच माझं मागणं आहे.