व्हिक्टोरियन कॉरोनर आणि तान्ह्या मुलांचे संशयास्पद मृत्यू

प्रश्न असा आहे की, व्हिक्टोरियन काळातील इंग्लंडमध्ये कॉरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी, हा गुप्तहेरासारखा तपास करत असे का, आणि लंडनमध्ये तान्ह्या मुलांचे इतके मृतदेह सापडत असताना खुनाचे खटले इतके थोडे का उभे राहिले.

पहिल्या भागाचे उत्तर नकारार्थी आहे. कॉरोनरच्या हाताखाली तपास करणारी माणसे नसत. मृत्यूची वर्दी आली की तो पंचांना (ज्युरीला) बोलावी, बहुधा जवळच्या पबच्या खोलीत चौकशी भरवी, पंचांना मृतदेह डोळ्यांनी पाहायला लावी आणि साक्षी घेई. पंचांनी खुनाचा निर्णय दिला तर आरोपीला थेट खटल्यासाठी पाठवता येई, म्हणजे अधिकार मोठा होता. परंतु चौकशीचा खर्च जिल्ह्याच्या तिजोरीतून जात असल्यामुळे ‘अनावश्यक’ चौकश्यांवरून मॅजिस्ट्रेट मंडळी सतत हरकती घेत, आणि १८६० च्या कायद्याने पगार ठरेपर्यंत कॉरोनरला दर चौकशीमागे मानधनच मिळत असल्याने, तो कमाईसाठी चौकश्या वाढवतो हा आरोप करणे सोपे होते. डॉक्टरला साक्षीसाठी एक गिनी (जुने इंग्रजी चलन) आणि शवविच्छेदन केल्यास दोन गिनी हा दर १८३६ मध्ये ठरला होता.

खरी अडचण पुराव्याची होती. खून सिद्ध करायचा तर मूल आईच्या शरीरातून पूर्णपणे बाहेर आल्यावर जिवंत होते, हे दाखवावे लागे. त्यासाठी फुप्फुसे पाण्यात टाकून ती तरंगतात का हे पाहत. तरंगली तर मुलाने श्वास घेतला असे मानायचे. पण कुजल्यामुळे साठलेल्या वायूनेही फुप्फुस तरंगते, आणि जन्म पूर्ण होण्याआधीही मूल श्वास घेऊ शकते. बचावाच्या वकिलाला एवढे पुरे होई. त्यात आरोपी बहुधा एकटी, अविवाहित मोलकरीण असे आणि पंचांना तिची दया येई. त्यामुळे बरीच प्रकरणे जन्म लपवण्याच्या गुन्ह्यावर येऊन थांबत, ज्याला १८६१ च्या कायद्यानुसार जास्तीत जास्त दोन वर्षांची शिक्षा होती. ही दया मला गैर वाटत नाही, मात्र तिच्यामुळे कॉरोनरच्या नोंदी वाचताना सावध राहावे लागते.

या संदर्भात डॉ. एडविन लँकेस्टर यांचे नाव घेतले पाहिजे. आधीचे कॉरोनर थॉमस वॅकली यांच्या मृत्यूनंतर १८६२ मध्ये ते लंडन परिसरातील सेंट्रल मिडलसेक्सचे कॉरोनर झाले. लंडनमध्ये आपले मूल मारलेल्या सुमारे १२,००० स्त्रिया असाव्यात, असा त्यांचा अंदाज होता. हा आकडा अजूनही बिनदिक्कत उद्धृत होतो. तो मोजदादीचा नसून अनुमानाचा आहे, हे लक्षात ठेवावे. पण त्यांनी दाखवलेली फट खरी होती: मृत जन्मलेल्या मुलाची नोंदच होत नसे, त्यामुळे जिवंत जन्मून नंतर मेलेले मूलही मृत जन्मले असे सांगून पुरता येई. असा मृत्यू कॉरोनरपर्यंत पोहोचतच नसे.

जे मृत्यू पोहोचत, त्यांचीही खात्री नव्हती. १८७२ च्या जुलैमध्ये इंग्लंडमधील वेस्ट ऑकलंड येथे चार्ल्स एडवर्ड कॉटन हा मुलगा मरण पावला. सावत्र आई मेरी अ‍ॅन कॉटन हिने ‘हा फार दिवस त्रास देणार नाही’ अशा अर्थाचे बोलणे गावातील अधिकारी थॉमस रायली यांच्याजवळ केले होते, म्हणून रायलींनी पोलिसांना आणि डॉक्टरला सावध केले. चौकशीआधी घाईने शवविच्छेदन झाले आणि पंचांनी नैसर्गिक मृत्यूचा निर्णय दिला. कॉरोनरच्या दृष्टीने प्रकरण तिथेच संपले असते. परंतु त्याला तपासणारे डॉ. किलबर्न यांनी पोटातील पदार्थाचा नमुना राखून ठेवला होता आणि नंतर केलेल्या परीक्षेत त्यात आर्सेनिक हे विष सापडले. २४ मार्च १८७३ रोजी डरहॅमच्या तुरुंगात मेरी अ‍ॅनला फाशी झाली.

पैसे घेऊन मुले सांभाळणाऱ्या बायकांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. अशाच एका बाईला, मार्गारेट वॉटर्सला, सांभाळातल्या मुलाच्या खुनाबद्दल १८७० मध्ये फाशी झाल्यानंतर १८७२ चा बालजीवन संरक्षण कायदा आला, आणि एकाहून अधिक तान्ही मुले पैसे घेऊन सांभाळणाऱ्यांना नोंदणी सक्तीची झाली. कॉरोनरच्या कामाशी अधिक निगडित कायदा १८७४ चा होता: मृत्यूच्या कारणाचा डॉक्टरी दाखला आवश्यक झाला आणि मृत जन्मलेले मूल पुरण्यासाठीही लेखी दाखला लागू लागला. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये लँकेस्टर वारले. मृत जन्मांची नोंदणी मात्र इंग्लंडमध्ये १९२७ मध्ये सुरू झाली.