लेक म्हणतेय, डिग्री गाण्यातच करणार

न्यू जर्सीहून एका ताईंचं पत्र आलंय. लेक सतरा वर्षांची, पुढच्या वर्षी शाळा संपेल. सात वर्षं गाणं शिकतेय, गांधर्व महाविद्यालयाची मध्यमा ही परीक्षा पूर्ण झालीय, आणि आता म्हणते की पदवी संगीतातच घेणार. बाबा गप्प आहेत. इथे नाशिकला इंदिरानगरातली आजी फोनवर म्हणते, "गाणं कुठे पळून जातंय? आधी पोटापाण्याचं बघा." ताई विचारतात, हो म्हणू की नको?

ताई, पदवी आणि गुरूकडची तालीम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या पत्रात त्या एकात एक मिसळल्यात, म्हणून सगळं जड झालंय.

आधी पदवीचं बघू. अमेरिकेत बॅचलर ऑफ म्युझिक केलं, तर साधारण दोन-तृतीयांश अभ्यास संगीताचाच असतो. बी.ए. केलं तर संगीत तिसरा हिस्सा किंवा थोडं जास्त, आणि जोडीला मानसशास्त्र, कॉम्प्युटर असं काहीही घेता येतं. ब्रिटनमध्ये विद्यापीठातली पदवी बहुधा तीन वर्षांची, तिच्यात वाचन-लेखन भरपूर. कॉन्झर्व्हेटॉयरची, म्हणजे गाण्या-वाजवण्याचं प्रत्यक्ष शिक्षण देणाऱ्या संस्थेची, चार वर्षांची, तिथे रोजचा दिवस वाद्यावर किंवा गळ्यावर जातो. या कॉन्झर्व्हेटॉयरचे अर्ज आदल्या वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच बंद होतात. ब्रिटनमधली आपली घरं इथेच चुकतात, कारण बाकीच्या विषयांना जानेवारीपर्यंत वेळ असतो.

खरी अडचण पुढे आहे. यातल्या बहुतेक पदव्यांचा पाया पाश्चात्त्य संगीताचा आहे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे ऑनलाइन शिकणारी एक मुलगी तिथल्या एका विद्यापीठात ऑडिशनला गेली. भीमपलास राग सुंदर गायली. मग तिच्यासमोर पाच रेघांचा कागद ठेवला आणि म्हणाले, हे बघून गा. तिचा सा काळी चारचा, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवरचा. पेटीवर ती पट्टी ती झोपेतही दाबेल, पण त्याच सुराला तिकडे जी शार्प म्हणतात आणि कागदावर तो अमुक रेघेवर असतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही. प्रवेश हुकला. त्या रात्री ती फोनवर रडली, ते अजून माझ्या कानात आहे. आपल्याकडे सा आपला आपण ठरवतो, त्यांच्याकडे सुराची जागा ठरलेली असते. एवढा फरक चौदाव्या-पंधराव्या वर्षी कळला, तर दोन वर्षांत मूल तयार होतं. म्हणून तुमच्या लेकीला आजपासून पियानो आणि स्टाफ नोटेशन, म्हणजे ती पाच रेघांची स्वरलिपी, लावा. गाणं बंद करून नाही, गाण्याच्या जोडीला. आणि प्रत्येक विद्यापीठाला आधी लिहून विचारा: मुख्य विषय म्हणून हिंदुस्थानी गायन चालेल का? काही ठिकाणी चालतं, बऱ्याच ठिकाणी नाही. रॉटरडॅमच्या कोडार्ट्स या संस्थेत भारतीय संगीताच्या विभागाला बासरीवादक हरिप्रसाद चौरसियांनी अनेक वर्षं मार्गदर्शन केलं. लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमध्ये एथ्नोम्युझिकॉलॉजीत, म्हणजे जगभरच्या संगीतपरंपरांच्या अभ्यासात, बी.ए. करता येतं. मध्यमा-विशारदची प्रमाणपत्रं फाइलमध्ये असू द्या, पण निर्णय ऑडिशन ऐकूनच होतो.

आता तालीम. आमच्या नाशिकला हे सांगायचा हक्क आहे असं मला मनापासून वाटतं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. वर्ग, अभ्यासक्रम, परीक्षा, छापील स्वरलिपी, सगळं आणलं. आयुष्याची अखेरची वर्षं ते नाशिकला रामनाम आधाराश्रमात राहिले. गाण्याला शाळेचं रूप देणाऱ्या याच माणसाने ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास यांना मात्र घडवलं ते जवळ ठेवून, वर्षानुवर्षं. पुढे ओंकारनाथांनी काशीच्या हिंदू विद्यापीठात संगीताचा विभाग उभा केला. वर्ग आणि गुरू दोन्ही लागतात, आणि एकाचं काम दुसऱ्याने होत नाही.

तेव्हा पदवी कुठलीही घेऊ दे, आठवड्याची तालीम चार वर्षं तुटू देऊ नका. हे वचन तिच्याकडून नाही, स्वतःकडून घ्या. फीचा हिशेब मांडताना गुरूची दक्षिणा पहिल्या ओळीत लिहा.

लेक भारतातच शिकायचं म्हणाली तर पुण्याचं ललित कला केंद्र, बडोदा, काशी, खैरागड ही नावं आहेत. परदेशातल्या बारावीसाठी समकक्षता प्रमाणपत्र, म्हणजे ती इथल्या बारावीच्या बरोबरीची असल्याचा दाखला, लागतं. ते कुठून काढायचं हे विद्यापीठालाच आधी विचारा.

आजींची काळजी खोटी नाही. नुसत्या मैफलींवर घर चालवणारे थोडे असतात. पण अमेरिकेत म्युझिक थेरपिस्ट व्हायचं तर मान्यताप्राप्त पदवी आणि किमान १२०० तासांचं प्रात्यक्षिक प्रशिक्षण लागतं, तो रीतसर पेशा आहे. शाळेत शिकवणं, ध्वनिमुद्रण, संशोधन हेही आहे. आजींना हे तुम्ही नका सांगू, लेकीला सांगू द्या. तिला स्वतःला ते मांडता येतं का, हेही कळेल.

आणि एक पाहून ठेवा. कार्यक्रम नाही, परीक्षा नाही, कुणी ऐकत नाही, अशा दिवशी ती बसते का? मागच्या मेमध्ये माझ्याकडे अशीच एक तिकडची मुलगी आली होती. आयुष्यभर ॲपवरच्या तंबोऱ्यावर गायलेली. मी खरा तंबोरा तिच्या मांडीवर दिला आणि घोडीवर तारेखालचा दोरा कसा सरकवायचा ते दाखवलं. दोरा केसाएवढा हलला आणि जवारी, म्हणजे तारेची गुंजती झणक, उघडली, तार एकदम बोलायला लागली. ती त्या दिवशी गायलीच नाही. दोन तास नुसती तारा लावत, ऐकत बसली, चहा गार झाला. तिच्या आईने दारातून पाहिलं आणि मला काही विचारलं नाही.

सुट्टीत नाशिकला येणार असाल, तर लेकीला सकाळी साडेसहाला माझ्याकडे पाठवा. एकटीच येऊ दे.