८०३८ चा नाद सोड, टीएल०८२ वर फंक्शन जनरेटर कर

तुझा प्रश्न असा: डिप्लोमाच्या मिनी प्रोजेक्टला फंक्शन जनरेटर (स्क्वेअर, ट्रँगल, साइन अशा वेव्ह देणारं सर्किट) घेतलाय, पुस्तकातलं सर्किट ८०३८ या तयार वेव्ह देणाऱ्या आयसीचं आहे, पुण्याच्या तापकीर गल्लीत चार दुकानं फिरून एक मिळाला, पण त्यातून साइन वेव्ह वाकडीतिकडी येते. (एकेरीत लिहितोय, माझा पुतण्या तुझ्याच वयाचा आहे.)

८०३८ बनायचा कधीच बंद झाला. आता मिळतो तो जुना साठा, नाहीतर पुसून नवा नंबर छापलेला माल. त्यापेक्षा टीएल०८२ घे, एकाच आयसीत दोन ऑप-अँप (ऑपरेशनल अँप्लिफायर). शिवाय वायवात ‘आत काय होतं?’ विचारलं की नुसतं आयसीकडे बोट दाखवायची वेळ येणार नाही.

पहिला ऑप-अँप श्मिट ट्रिगर, म्हणजे इनपुट ठरावीक पातळीला पोचलं की आउटपुट उलटवणारा: पिन २ ग्राउंडला, पिन १ वरून २० के (किलोओहम) आणि पिन ७ वरून १० के, दोन्ही पिन ३ ला. दुसरा इंटिग्रेटर, म्हणजे स्क्वेअरची तिरकी चढ-उतार करणारा: पिन ५ ग्राउंडला, पिन १ वरून रेझिस्टर पिन ६ ला, पिन ६ आणि ७ मध्ये ०.१ मायक्रोफॅरड. पिन १ वर स्क्वेअर, पिन ७ वर ट्रँगल. तो रेझिस्टर म्हणजे १० के आणि त्याच्या सिरीजमध्ये १०० के चा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) ठेवलास तर साधारण ४५ ते ५०० हर्ट्झ मिळतील, कपॅसिटर ०.०१ केलास की दहापट. २० के मिळाला नाही तर १० के चे दोन सिरीजमध्ये जोड. मात्र १० आणि २० ची अदलाबदल झाली तर ट्रँगल ट्रिगरच्या पातळीपर्यंत पोचतच नाही आणि आउटपुट एका टोकाला चिकटून बसतं. ट्यूबलाइटच्या उजेडात १० के वरचा तपकिरी आणि २० के वरचा लाल पट्टा सारखाच दिसतो, मी फसलोय.

घरात ७४१ हे जुने ऑप-अँप पडलेत म्हणून तेच वापरू नकोस. त्याचा स्ल्यू रेट, म्हणजे आउटपुट बदलायचा कमाल वेग, मायक्रोसेकंदाला ०.५ व्होल्ट. १५ व्होल्टची उडी घ्यायला ३० मायक्रोसेकंद लागतात, आणि १० किलोहर्ट्झला अर्धं आवर्तनच ५० चं! स्क्वेअरचा पार ट्रॅपेझॉइड होतो. टीएल०८२ चा स्ल्यू रेट १३ च्या आसपास आहे.

सप्लायला ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, मधला जोड हेच ग्राउंड. प्लस पिन ८ ला, मायनस पिन ४ ला. बॅटऱ्या सारख्याच उतरत गेल्या तर वेव्हची उंची घटते, फ्रिक्वेन्सी जवळपास तीच राहते. का, ते कागदावर मांडून बघ. परीक्षकांचा आवडता प्रश्न आहे.

साइनसाठी पिन ७ वरून ५० के चा पॉट आणि पुढे ग्राउंडला उलटसुलट जोडलेले दोन १एन४१४८ डायोड. पॉट फिरवत सीआरओवर (ऑसिलोस्कोपवर) शेंडे गोल होईपर्यंत थांब. ही घासून गोल केलेली ट्रँगल आहे, अस्सल साइन नाही, हे रिपोर्टमध्ये सरळ लिही. चोख साइन हवी तर वीन ब्रिज हे साइनचं ऑसिलेटर सर्किट वेगळं करावं लागेल.

आणि वायरिंगला हात लावण्याआधी मीटरने ब्रेडबोर्डच्या पॉवर रेल (कडेच्या सप्लायच्या लांब ओळी) तपास. लांब ब्रेडबोर्डमध्ये त्या बऱ्याचदा मधोमध तुटक असतात. माझ्या दोन संध्याकाळी यातच गेल्या, आणि आयसी मात्र मी तीन बदलले होते.