ताट समोर येताच मळमळते. वजन वाढावे कसे?

प्रश्न : माझे वय 24 वर्षे, उंची 157 सेंटिमीटर आणि वजन 41 किलो आहे. गेल्या वर्षी आजारी पडल्यापासून भूक मेली आहे. अन्नाच्या वासाने मळमळते, चार घासांत पोट भरते. घरचे आग्रह करतात, म्हणून मी बळेच गिळते आणि कधी कधी ते उलटून पडते. भूक वाढवणारे औषध घ्यावे का?

उत्तर : आपला बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचे प्रमाण) सुमारे 16.6 येतो, प्रौढ व्यक्तीचा तो 18.5 पेक्षा कमी असल्यास वजन कमी मानतात. त्यामुळे आहाराआधी तपासणी हवी. इतके दिवस टिकलेल्या मळमळीमागे जठराचा दाह, यकृताचे वा मूत्रपिंडाचे विकार, थायरॉइडचा बिघाड, क्षयरोग, गर्भधारणा, जुनाट बद्धकोष्ठता किंवा चिंता आणि नैराश्यही असू शकते. लोहाच्या गोळ्यांनीही अनेकांना मळमळते. तेव्हा चालू असलेली सर्व औषधे डॉक्टरांना दाखवावीत.

तपासणीत काही आढळले नाही, तरी आपला त्रास खोटा ठरत नाही. आजारपणात ज्या पदार्थाबरोबर मळमळ अनुभवली, त्याचा नुसता वासही मेंदूला पुढे धोक्याची सूचना वाटू लागतो, आणि बळेच गिळलेला प्रत्येक घास ही गाठ अधिक घट्ट करतो. म्हणूनच आग्रह (तो कितीही मायेचा असो) प्रथम थांबला पाहिजे. घरच्यांना हे उत्तर अवश्य वाचायला द्यावे.

भुकेची वाट न पाहता दर दोन-तीन तासांनी, सहज संपेल एवढेच खावे. गरम अन्नाचा वास अधिक दरवळतो, म्हणून कोमट किंवा गार पदार्थ निवडावेत आणि शक्यतो स्वयंपाक चालू असताना तेथे थांबू नये. जेवताना पोटभर पाणी पिण्याऐवजी ते मधल्या वेळेत घोट घोट घ्यावे. घन पदार्थ नकोसे वाटतील तेव्हा दूध, दही आणि केळे एकत्र घुसळून प्यावे. एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून 9, तर पिष्ट पदार्थ वा प्रथिनांतून 4 कॅलरी मिळतात. त्यामुळे घासांची संख्या न वाढवता भातात चमचाभर तेल किंवा लोणी घातले, तरी सुमारे 40 कॅलरींची भर पडते. मात्र स्निग्धांश एकाच वेळी फार झाला, तर जठर सावकाश रिकामे होते आणि मळमळ वाढते. जेवणानंतर लगेच आडवे होऊ नये.

सध्याच्या रोजच्या आहारात हळूहळू 300 ते 500 कॅलरींची भर पडली, तरी पुरेसे आहे. वजन आठवड्यातून एकदाच करावे. रोज काटा पाहिल्याने धास्तीच वाढते.

भूक वाढवणाऱ्या औषधांपैकी सायप्रोहेप्टाडीन मूलतः ॲलर्जीवरचे औषध असून त्याने झोप येते. झटपट वजन वाढवण्यासाठी घेतलेल्या स्टेरॉइडने अंगावर सूज येते, रक्तातील साखर वाढू शकते. अशी औषधे स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

वजन आणखी दोन किलोने घटले, गिळताना अडू लागले, उलटीत वा शौचात रक्त दिसले, संध्याकाळी ताप येऊ लागला किंवा पाणीही पोटात टिकेनासे झाले, तर आहाराचे प्रयोग थांबवून त्वरित डॉक्टरांकडे जावे.