वाचक विचारतात : मुंबई आणि मोठ्या स्पर्धांचं यजमानपद

२ नोव्हेंबर २०२५ रोजी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून एकदिवसीय विश्वचषक जिंकला. तेव्हापासून मुंबई परिसरातल्या मैदानांबद्दल बरीच पत्रं आली आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

ब्रेबॉर्न आणि वानखेडे चालत दहा मिनिटांच्या अंतरावर आहेत. इतक्या महागड्या जागेत दोन क्रिकेट स्टेडियम कशासाठी?

तिकिटांसाठी. आडवळणाने सांगण्यासारखं यात काही नाही.

ब्रेबॉर्न हे क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं, म्हणजे सभासदांच्या क्लबचं मैदान. क्लबची स्थापना १९३३ची, स्टेडियम १९३७ साली उभं राहिलं. त्याआधी मोठं क्रिकेट जिमखान्यांवर चालायचं. भारतातली पहिली कसोटी १९३३च्या डिसेंबरमध्ये बॉम्बे जिमखान्यावर झाली आणि लाला अमरनाथ यांनी तिथेच ११८ धावा काढून भारताचं पहिलं कसोटी शतक ठोकलं. ब्रेबॉर्न झाल्यावर कसोट्या तिकडे गेल्या. पण सामना भरवायची जबाबदारी बॉम्बे क्रिकेट असोसिएशनची आणि खुर्च्या क्लबच्या, अशी ही व्यवस्था होती. असोसिएशनला आपल्या संलग्न क्लबांसाठी जास्त जागा हव्या होत्या, क्लबला आपल्या सभासदांच्या जागा सोडायच्या नव्हत्या. सत्तरच्या दशकात हा वाद इतका चिघळला की असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे यांनी स्वतःचं स्टेडियम बांधायचं ठरवलं. वास्तुरचनाकार शशी प्रभू यांच्या आराखड्यावर साधारण तेरा महिन्यांत ते उभं राहिलं. १९७५च्या जानेवारीत वेस्ट इंडिजविरुद्ध तिथे पहिली कसोटी झाली आणि क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ काढल्या.

हा वाद नुसता इतिहास म्हणून सोडून देता येत नाही. मैदान कोणाच्या मालकीचं आहे, यावर आजही यजमानपद अडतं. आयसीसीच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या स्पर्धेत स्टेडियम ‘क्लीन’ करून द्यावं लागतं. म्हणजे मैदानाच्या नेहमीच्या जाहिराती झाकायच्या, बॉक्स आणि पाहुण्यांच्या जागा आयोजकांच्या ताब्यात द्यायच्या, खाण्यापिण्याची कंत्राटंसुद्धा त्यांच्या प्रायोजकांना चालतील अशी ठेवायची. जिथे सभासदांना जागेचा हक्क आहे, तिथे प्रत्येक गोष्टीची वाटाघाट करावी लागते. तरीही ब्रेबॉर्नला दोन मोठे अंतिम सामने मिळाले : २००६ची चॅम्पियन्स ट्रॉफी आणि २०१३चा महिला विश्वचषक. दोन्हीकडे ऑस्ट्रेलिया जिंकली आणि दोन्हीकडे समोर वेस्ट इंडिजच होती.

२०१३च्या त्या स्पर्धेची एक गोष्ट मात्र खटकते. महिलांचे काही सामने वानखेडेवर ठरले होते. त्याच सुमारास मुंबई रणजीच्या अंतिम फेरीत पोचली, असोसिएशनला वानखेडे त्यासाठी हवं होतं, आणि विश्वचषकाला जागा बदलावी लागली. घरच्या स्पर्धेसाठी जागतिक स्पर्धा हलवावी, हे पुरुषांच्या बाबतीत कोणी सुचवलंसुद्धा नसतं.

२०११चा अंतिम सामना वानखेडेलाच का? ईडन गार्डन्स तर कितीतरी मोठं.

आकाराने मोठं हे खरं, पण अंतिम सामन्याचं ठिकाण आधीच ठरतं आणि मग ते स्टेडियम वेळेत तयार आहे की नाही, एवढंच पाहिलं जातं. वानखेडेचं नूतनीकरण स्पर्धेच्या तोंडाशी येऊन कसंबसं पूर्ण झालं. ईडनचं वेळेत झालं नाही, म्हणून भारत-इंग्लंड सामना कोलकात्याच्या हातून जाऊन बंगळुरूला गेला. वानखेडेवर अंतिम सामन्याआधी साखळीतले दोनच सामने झाले, आणि दोन्हींत न्यूझीलंड खेळत होती.

नूतनीकरणाची किंमत प्रेक्षकांनी मोजली. जुन्या वानखेडेत सुमारे ४५,००० माणसं बसत. बाकांच्या जागी सुट्या खुर्च्या आल्या, पायऱ्या आणि बाहेर पडायच्या वाटा रुंद झाल्या, आणि क्षमता ३३,०००वर आली. त्यातून संलग्न क्लबांचा आणि आयसीसीचा वाटा गेल्यावर सर्वसामान्यांसाठी उरली सुमारे ४,००० तिकिटं. ज्या कारणासाठी हे स्टेडियम बांधलं, तेच कारण छत्तीस वर्षांनी रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या वाट्याला आलं.

गर्दी कमी असूनही आवाज मात्र कमी नव्हता. नाणेफेकीला श्रीलंकेचा कर्णधार संगकाराने काय मागितलं ते सामनाधिकारी जेफ क्रो यांना ऐकूच आलं नाही आणि नाणं दुसऱ्यांदा उडवावं लागलं.

वानखेडेवर रात्री दव पडतं, म्हणून नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षणच घ्यावं, असं समालोचक सांगतात. ते खरं आहे का?

अर्धंच. समुद्र जवळ असल्याने हवेत ओलावा भरपूर, दव पडतं हे नक्की. चेंडू ओला झाला की फिरकीपटूची बोटं घसरतात आणि फटका मैदानावरून सरकत जातो. म्हणूनच दुपारपासून गवतावर दव न धरणारं औषध फवारतात आणि मध्यंतरात दोरखंड ओढून पाणी झटकतात.

पण संध्याकाळी दिव्यांखाली नवा चेंडू सुरुवातीला चांगलाच हलतो, हे विसरलं जातं. २०२३च्या विश्वचषकात भारताच्या ३५७ धावांचा पाठलाग करताना श्रीलंका ५५मध्ये गारद झाली, आणि दक्षिण आफ्रिकेच्या ३९९समोर इंग्लंड १७०मध्ये आटोपली. त्याच मैदानावर त्याच स्पर्धेत मॅक्सवेलने नाबाद २०१ काढून अफगाणिस्तानविरुद्ध पाठलाग जिंकून दिला, पण त्याआधी ऑस्ट्रेलियाचे ७ गडी ९१ धावांत गेले होते. म्हणजे पहिली पंधरा-वीस षटकं तगलात तर पुढे दव तुमच्या बाजूने.

मोठ्या सामन्यांचे निकालही एका बाजूला झुकत नाहीत. १९८७ची उपांत्य फेरी (इंग्लंडच्या गूचने स्वीप मारून मारून ११५ काढल्या ती) आणि २०२३ची उपांत्य फेरी आधी फलंदाजी करणाऱ्यांनी जिंकली. २०११चा अंतिम सामना आणि २०१६ची टी-ट्वेंटी उपांत्य फेरी पाठलाग करणाऱ्यांनी. १९८७च्या सामन्याला दव लावू नका, तो दिवसाउजेडी झाला. वानखेडेवर दिव्यांखाली पहिला सामना १९९६च्या विश्वचषकात झाला, भारत विरुद्ध ऑस्ट्रेलिया.

क्रिकेट सोडून मुंबईने जगाला काही दाखवलं आहे का?

दोन स्पर्धा आवर्जून सांगण्यासारख्या.

पहिली १९५२ची जागतिक टेबल टेनिस स्पर्धा. ही स्पर्धा आशियात प्रथमच भरली ती मुंबईत. तोवर सगळे पुटकुळ्यांच्या पातळ रबराची बॅट वापरत. चेंडू बॅटवर लागल्याचा ‘टॉक’ असा आवाज यायचा आणि त्यावरून फटका किती जोरात आहे ते कळायचं. जपानचा हिरोजी सातो जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन आला. स्पंजवर चेंडू रुततो, क्षणभर जास्त थांबतो आणि आवाज न करता वेगाने सुटतो. समोरच्याला वेगाचा अंदाजच येईना. सातो विजेता झाला आणि बॅटला काय लावायचं यावर पुढे काही वर्षं वाद चालला. शेवटी १९५९मध्ये नियम आला : स्पंज चालेल, पण वर रबर हवं आणि दोन्ही मिळून जाडी ४ मिलिमीटरच्या आत. आज दुकानात मिळणारी प्रत्येक चांगली बॅट त्या मापात बसते.

दुसरी, १९८१-८२चा हॉकी विश्वचषक. १२ संघ, अंतिम फेरीत पाकिस्तानने पश्चिम जर्मनीला ३-१ हरवलं, भारत पाचवा. तो विश्वचषक नैसर्गिक गवतावर झाला. ऑलिंपिकमध्ये १९७६पासूनच कृत्रिम मैदान आलं होतं. मुंबईनंतर विश्वचषकातूनही गवत गेलं.

डी. वाय. पाटील स्टेडियम क्रिकेटचं. तिथे फुटबॉलच्या जागतिक स्पर्धा कशा होतात? मैदान बसतं का?

बसतं, पण नुसत्या रेषा आखून काम होत नाही.

आधी माप बघू. आंतरराष्ट्रीय फुटबॉल मैदान १०५ बाय ६८ मीटर. मध्यबिंदूपासून कोपऱ्याच्या झेंड्यापर्यंतचं अंतर काढलं (५२.५ आणि ३४ यांचा कर्ण) तर ६२.५ मीटर येतं. त्यापलीकडे खेळाडूला थांबायला चार-पाच मीटर सपाट गवत हवं. म्हणजे निदान ६७-६८ मीटर त्रिज्येचं गोल मैदान लागतं. क्रिकेटमध्ये सीमारेषा मध्यापासून कमीत कमी ६५ यार्ड, म्हणजे ५९.४ मीटर चालते. दोरीच्या बाहेरही जागा असलेलं मैदान असेल तरच फुटबॉल बसतो. वानखेडेसारख्या आटोपशीर मैदानात ही ओढाताण होते, नेरूळला होत नाही. तोटा प्रेक्षकाचा : स्पर्शरेषेच्या, म्हणजे लांब बाजूच्या रेषेच्या, मध्याजवळ बसणाऱ्याला खेळ तीस-पस्तीस मीटर लांब दिसतो.

खरी अडचण खेळपट्ट्यांची. त्या नेमक्या मध्यवर्तुळाच्या जागी येतात. खेळपट्टीची माती चिकण, रोलर फिरवून घट्ट केलेली. तिच्यात बुटाचे खिळे रुततच नाहीत, चेंडू तिथे जास्त उसळतो आणि पाऊस पडला की पाणी वरच साचतं. बाकीचं मैदान वाळूवर असेल तर वीस पावलांत दोन वेगळी मैदानं लागतात आणि घोटे मुरगळतात. चार सामने असतील तर चिकण मातीवर जाड गवताच्या लाद्या अंथरून निभावता येतं, तरी सांधे उघडे पडतात. जागतिक स्पर्धेसाठी माती उकरून काढावी लागते आणि खाली सुमारे १०० मिलिमीटर खडी, वर ३०० मिलिमीटर वाळूचा थर देऊन गवत लावावं लागतं. मुळं धरायला काही आठवडे द्यावेच लागतात. घाई केली की पहिल्याच टॅकलला गवताची पोळी निघते. नंतर क्रिकेट आणायचं तर खेळपट्ट्या पुन्हा नव्याने घडवायच्या.

नेरूळला मोठे फुटबॉल सामने बरेच झाले. २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाची एक उपांत्य फेरी तिथे झाली, स्पेनने मालीला ३-१ हरवलं. २०२२ साली दोन अंतिम सामने झाले. फेब्रुवारीत महिलांच्या आशिया चषकात चीनने ०-२ अशा पिछाडीवरून दक्षिण कोरियाला ३-२ हरवलं, आणि ऑक्टोबरअखेर मुलींच्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात स्पेनने कोलंबियाला १-० हरवलं. आशिया चषकात यजमान भारत मात्र मध्येच बाहेर गेला. संघात कोविडची लागण पसरली, सामन्याला किमान १३ खेळाडू उभे करता आले नाहीत आणि नियमाप्रमाणे संघाने माघार घेतली असं धरलं गेलं. मैदान उत्तम असलं तरी संघांचं हॉटेल आणि तिथली शिस्त सांभाळली नाही तर यजमान संघाचीच स्पर्धा अशी हातातून निसटते.

महिला विश्वचषकाचा अंतिम सामना बंगळुरूला होता ना? आणि पाऊस असूनही षटकं कमी कशी झाली नाहीत?

पाकिस्तान अंतिम फेरीत पोचला नाही तर बंगळुरूलाच व्हायचा होता. जून २०२५मध्ये चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरी झाली, त्यानंतर तिथले काही सामने, अंतिम सामन्यासह, नेरूळला हलवले. त्यात भारत-ऑस्ट्रेलिया उपांत्य सामनाही नेरूळला झाला, जेमिमा रॉड्रिग्जच्या नाबाद १२७ धावांचा.

अंतिम सामना दुपारी ३ ऐवजी ५ वाजता सुरू झाला, तरी दोन्ही डाव ५० षटकांचेच राहिले. बाद फेरीच्या सामन्यांत पावसासाठी राखून ठेवलेला जादा वेळ आधी वापरतात, षटकं त्यानंतर कापतात, आणि त्याउपर राखीव दिवस असतो. साखळीत राखीव दिवस नसतो. त्याच मैदानावर भारत-बांगलादेश सामना पावसाने अर्धवट राहिला. त्याच दिवशी ओलसर मैदानात चेंडू अडवताना प्रतिका रावलचा पाय मुरगळला, तिच्या जागी शफाली वर्मा आली आणि अंतिम सामन्यात तिने ८७ धावा काढून दोन बळीही घेतले.

मुंबईने एशियाड किंवा ऑलिंपिक का भरवलं नाही?

जागा नाही म्हणून. ऑलिंपिक समितीचं अधिवेशन २०२३ साली मुंबईत झालं, क्रिकेटला २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये प्रवेशही इथेच मिळाला, पण अधिवेशनाला सभागृह पुरतं. ॲथलेटिक्सचा आठ मार्गिकांचा ४०० मीटर ट्रॅक साधारण १७७ बाय ९३ मीटर जागा खातो. त्याभोवती प्रेक्षागार, आणि शेजारीच सरावासाठी दुसरा ट्रॅक. शिवाय जलतरण, नेमबाजी, क्रीडाग्राम. राज्याने १९९४च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी हे सगळं बांधलं ते पुण्यात, बालेवाडीला. २००८च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धाही तिथेच झाल्या. मुंबईत संघटनांची आणि क्लबांची सुटी मैदानं आहेत, त्यामुळे इथे एकेका खेळाची स्पर्धा येते, पंचवीस खेळांची एकत्र येऊ शकत नाही.

नेरूळला पुढचा मोठा सामना पाहायला जायचं आहे. काय लक्षात ठेवावं?

मोठे अंतिम सामने बहुधा रविवारी असतात आणि रविवारी हार्बरवर मेगाब्लॉक असतो. त्या आठवड्याचं ब्लॉकचं वेळापत्रक शनिवारी बघा. ठाण्याहून ट्रान्सहार्बरची नेरूळ किंवा पनवेल गाडी पकडा. पश्चिम उपनगरांतून अंधेरी-वडाळा मार्गे पनवेलला जाणारी हार्बर सोयीची, पण ती दिवसात मोजकीच आहे. चुकली तर वडाळ्याला बदला. परतीचं तिकीट जातानाच काढा, कारण सामना संपल्यावर नेरूळच्या खिडकीवर रांग पुलापर्यंत जाते. मोठ्या बॅगा, पाण्याच्या बाटल्या, पॉवर बँक सहसा दारावरच अडवतात आणि सामान ठेवायला सोय मिळेलच असं नाही. पावसाची शक्यता असेल तर मनगटावरचा पट्टा किंवा तिकिटाचा तुकडा फेकू नका; राखीव दिवशी प्रवेश त्यावरच मिळतो की नाही, ते तिकिटावरच्या अटींत छापलेलं असतं.